अंधारात संपणारं स्तोत्र

दिवंगत वर्गमित्रांना आत्ताच आपण श्रद्धांजली वाहिली. ख्रिस्ती घरातली म्हणून मला सांत्वनाचे दोन शब्द बोलायला सांगितलंय. ‘देवाची इच्छा’ असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला ते टोचतं.

बायबलच्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. कितीतरी विलापाची आहेत, पण बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. ८८वं वळत नाही. ते अंधारातच संपतं. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, एररवरच थांबलेला प्रोग्रॅम!) पण त्यातली सगळी तक्रार देवाकडेच आहे. ऐकणारा आहे, हे धरूनच ती केलेली आहे. माझा भाऊ गेला तेव्हा आभाराची प्रार्थना तोंडातून निघेना. सहा महिने मी हेच स्तोत्र वाचत होते. पाळकांना सांगितलं, तर म्हणाले, “वाचत राहा.”

पंडिता रमाबाईंनी केडगावला हे स्तोत्र मूळ हिब्रूवरून मराठीत आणलं. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पती गेले, आणि १९२१मध्ये एकुलती एक मनोरमा. तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. एप्रिल १९२२मध्ये जाण्याआधी ते पुरं केलं.