आडात नाही ते पोहऱ्यात कुठून?



सणासुदीच्या दिवसांत बाजारात एक चक्कर मारा. दोन हातांत मावेल एवढ्या स्पीकरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले दिसते, '१००० वॅट पीएमपीओ'. आता त्याच्यासोबत येणारा ॲडॉप्टर पाहा. त्यावर बारीक अक्षरांत काहीतरी असे असते: १२ व्होल्ट, २ अँपिअर. बारा दुणे चोवीस. म्हणजे आत जातात चोवीस वॅट आणि बाहेर येतात हजार!

पीएमपीओ हा आकडा कसा मोजायचा, याचे सर्वमान्य प्रमाणच नाही. ज्याला जो शोभेल तो त्याने छापावा. यंत्र सतत किती शक्ती देऊ शकते हे सांगणारा आकडा आरएमएस या नावाने लिहितात, आणि तो बहुधा खोक्याच्या मागे लपलेला असतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असे आपले वाडवडील सांगून गेले. ॲम्प्लिफायरचे सगळे शास्त्र या एका म्हणीत आहे.

यवतमाळ जिल्ह्यात मी बरीच वर्षे मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवले. दारव्हा, दिग्रस, आर्णी, कळंब या भागांतली शेतकऱ्यांची मुले असत. त्यांचा हमखास प्रश्न असे, "सर, घरी ॲम्प्लिफायर बनवता येईल का?" माझे उत्तर ठरलेले असे: येईल, पण आधी कागद-पेन्सिल घे.

पूर्वी हे काम काचेचे व्हॉल्व्ह करीत. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि पुढे व्हॉल्व्हची जागा त्याने घेतली. काच नाही, तापवायची तार नाही. जे काही घडते ते घन पदार्थाच्या तुकड्यात. म्हणून याला सॉलिड-स्टेट म्हणतात. ट्रान्झिस्टर स्वतः शक्ती निर्माण करीत नाही. तो कालव्यावरच्या दारासारखा असतो. मोबाइलमधून किंवा मायक्रोफोनमधून आलेला इवलासा संकेत ते दार कमीजास्त उघडतो आणि पाणी वाहते ते मागच्या साठ्यातले. हा साठा म्हणजे पॉवर सप्लाय.

तेव्हा हिशेब साठ्यापासून सुरू करू. १८-०-१८ व्होल्ट, ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घेतला. त्याच्या १८ व्होल्टला १.४१ ने गुणले की शिखराचा दाब येतो, सुमारे २५. डायोडमध्ये थोडा जातो, चोवीस उरतात. आवाज वाढवला की तो आणखी उतरून बावीसच्या आसपास येतो. दोनेक व्होल्ट ट्रान्झिस्टर स्वतःकडे ठेवतात. स्पीकरच्या वाट्याला शिखराचे वीस व्होल्ट आले. वीसचा वर्ग चारशे. आठ ओहमच्या स्पीकरसाठी त्याला सोळाने भागा. उत्तर पंचवीस वॅट. हा झाला प्रामाणिक आकडा. मुलांचे चेहरे पडत. "बस, पंचवीसच?" त्यावर मी म्हणे, घरात लावून पाहा, आई बंद करायला सांगेल.

आता मुख्य भाग. शेवटच्या टप्प्यात दोन ट्रान्झिस्टर असतात. टूएन ३०५५ हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर १९६० च्या दशकापासून जगभरच्या हौशी लोकांचा लाडका आहे. त्याचा जोडीदार एमजे २९५५. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक सांभाळतो, खालचा दुसरा. गंमत अशी, की सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय ट्रान्झिस्टर जागाच होत नाही. मग एकाने काम सोडले आणि दुसऱ्याने अजून घेतले नाही, अशी एक फट राहते. आवाज हळू असताना ही फट खरखरीतपणा म्हणून कानाला बोचते. पालखीचे खांदेकरी पाहा. पहिल्याने खांदा काढण्याआधी दुसरा खांदा लावतो, म्हणून पालखी हलत नाही. तसेच दोन्ही ट्रान्झिस्टरमधून काही मिलिअँपिअरचा प्रवाह सतत चालू ठेवायचा. याला बायस म्हणतात. तो ठरवणारे डायोड हीट सिंकलाच चिकटवतात, म्हणजे ट्रान्झिस्टर तापले की बायस आपोआप आवरला जातो. हे केले नाही तर उष्णतेने प्रवाह वाढतो, प्रवाहाने उष्णता वाढते आणि शेवटी धूर.

हीट सिंकबाबत कंजुषी करू नये. आपला ॲम्प्लिफायर पूर्ण पंचवीस वॅट देतो, तेव्हा त्याची सुमारे दहा वॅट उष्णता होते. पण बारा वॅट देताना उष्णताही जवळजवळ बारा वॅट असते! म्हणजे मध्यम आवाजावर ट्रान्झिस्टर जास्त तापतात. त्यात आपला मे महिना. नागपूरच्या थंडीत तयार केलेले यंत्र यवतमाळच्या उन्हाळ्यातही टिकायला हवे. ट्रान्झिस्टरची धातूची टोपी हेच त्याचे एक टोक असते, म्हणून मधे अभ्रकाचा पातळ पत्रा आणि पांढरी पेस्ट लावायची. टूएन ३०५५ चे नाव छापलेले नकली मालही बाजारात खूप आहेत. जाणत्या दुकानदाराकडूनच घ्यावे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. भिंतीतली २३० व्होल्टची वीज माणूस ओळखत नाही. तीन पिनांचा प्लग, अर्थिंगची तार थेट पेटीच्या पत्र्याला, प्राथमिक बाजूला फ्यूज. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवरच लावा, म्हणजे वाटेत ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब. एलईडीचा इथे उपयोग नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. त्यानंतर स्पीकर न जोडता बाहेरच्या टोकावर मीटरने डीसी व्होल्ट पाहा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर जोडा. आणि वीज बंद केली तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये ती साठलेली असते, म्हणून लगेच हात घालू नका. मुलगा शाळकरी असेल, तर हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे.

एका गावच्या भजनी मंडळाची गोष्ट सांगतो. मंडळाने वर्गणी जमवून '२००० वॅट'चे एक चकचकीत यंत्र आणले. सप्ताहाच्या तिसऱ्याच दिवशी ते मुके झाले. माझ्याकडे आणले तेव्हा आम्ही ते उघडले. आत ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा. मंडळातले एक वयस्क गृहस्थ बराच वेळ त्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मास्तर, कापूस विकून दिलेले पैसे होते हो." शिकायला येणाऱ्या दोन मुलांनी पुढच्या काही दिवसांत पंचवीस वॅटचा ॲम्प्लिफायर जोडला. मंडळाकडे सोळा ओहमचे दोन जुने भोंगे होते. समांतर जोडले की आठ ओहम. गावाच्या दुसऱ्या टोकाला शब्द न् शब्द स्पष्ट पोहोचला.

हे कसे झाले? वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला जेमतेम जाणवतो. कानाला दुप्पट वाटावा, तर सुमारे दहापट वॅट लागतात. उलट भोंग्याचा आकार हवा नीट ढकलतो, त्यामुळे घरगुती स्पीकरपेक्षा तेवढ्याच वॅटमध्ये तो कितीतरी मोठा आवाज देतो. म्हणजे पैसा वॅटच्या आकड्यावर घालण्याऐवजी चांगल्या स्पीकरवर घालावा. आणि मोठा आवाज हाच चांगला आवाज, हेही खरे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा दिली आहे. आपला दुर्गोत्सव नावाजलेला आहे. त्यातले सूर ऐकू यावेत, खिडक्यांची तावदाने थरथरू नयेत.

तयार यंत्र आज स्वस्त मिळते, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. पैसे वाचतीलच असे मी सांगत नाही. पण ज्या मुलाने एकदा स्वतःच्या हाताने पंचवीस वॅट मोजून काढले, त्याला हजाराचे खोके कोणी विकू शकत नाही. तो यंत्र उलटे करून मागचा आकडा वाचतो. मोटरपंप असो, इन्व्हर्टर असो की सोलरची जाहिरात असो, तो आधी विचारतो, आत किती जाते? आपल्या भागात माणसाला हा प्रश्न विचारता येणे फार मोलाचे आहे. तेव्हा घरातल्या मुलाने सोल्डरिंगची बंदूक मागितली, तर नाही म्हणू नका. फक्त सिरीज बोर्ड आधी बनवून घ्या.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)