वरच्या मजल्यावरचे डॉक्टर

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांचं आपण नेहमी ऐकतो. आज उलटं सांगतो, आमच्या गल्लीत राहिलेल्या परदेशी माणसाचं.

आमचं घर बेगमपुऱ्यात, विद्यापीठाजवळ. या भागाला येमेन, इराकची मुलं नवीन नाहीत. २०१४ मध्ये आम्ही वरचा मजला येमेनच्या एका पीएचडीवाल्याला दिला. सोबत बायको. त्याआधी तीन-चार घरमालकांनी त्यांना नाही म्हटलं होतं. पप्पांनी हो म्हटलं, पण भाडं हजारानं जास्त लावलं, हेही सांगून टाकतो.

परदेशी भाडेकरू आला की घरमालकाला तेव्हा चोवीस तासांत ऑनलाइन सी-फॉर्म भरावा लागायचा. मी नुकताच बीटेकला लागलेलो, त्यामुळे ते काम माझ्या गळ्यात. त्यात एक रकाना होता, किती दिवस राहणार? तो म्हणाला, "तीन साल, फिर सना वापस."

गल्लीनं पदवीच्या आधीच त्याला डॉक्टर करून टाकलं. आईला तो खाला म्हणायचा. आईला वाटलं, इथलंच ऐकून शिकला. पण अरबीतही मावशी म्हणजे खालाच. खरी ओळख मात्र पाण्यावरून झाली. आमच्याकडे नळ तेव्हा तीन दिवसांआड. जायकवाडी भरलेलं असो की रिकामं, आपलं वेळापत्रक तेच! पहिल्याच आठवड्यात तो नळाच्या दिवशी विद्यापीठात गेला आणि टाकी कोरडी. महिन्याभरात तोच पहाटे सगळ्यांची दारं वाजवायला लागला, "खाला, पानी आया!" मी त्याला सांगितलं, हे शहर वसवणारा, इथे नहर आणणारा मलिक अंबर लहानपणी गुलाम म्हणून तुमच्या मोखा बंदरात विकला गेला होता. त्याला हे माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन नहर बघायला गेला.

२६ मार्च २०१५ ला येमेनवर सौदीचे हवाई हल्ले सुरू झाले. मग आपलं ऑपरेशन राहत. साडेचार हजारांवर भारतीय सुटले. मुंबईत उतरणारी माणसं आम्ही खाली टीव्हीवर बघत होतो, आणि वर तो सनाला फोन लावत होता. लागत नव्हता. आईनं उठून टीव्हीचा आवाज बंद केला.

त्याचे घरून येणारे पैसे थांबले. दोन महिने भाडं नाही. मला लॅपटॉप हवा होता. मी पप्पांना म्हणालो, दुसरा भाडेकरू बघू ना. तेव्हा तो जिन्यात होता. ऐकलं का, समजलं का, मला आजही माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. पुढच्या पाण्याच्या दिवशी पहाटे दार वाजलंच. पप्पांनी त्या महिन्यापासून तो जादाचा हजार काढून टाकला. राहिलेलं भाडं त्यानं हळूहळू पूर्ण दिलं.

तीन वर्षांची पाच झाली. मुलगी इथेच झाली; आईनं मेथीचे लाडू केले, तर त्याची बायको म्हणाली, आमच्याकडेही बाळंतिणीला मेथीच देतात. २०१९ ला तो खरंच डॉक्टर झाला. सनाला मात्र जाता आलं नाही, आता ते मलेशियात आहेत.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. पहिला प्रश्न, पाणी किती दिवसांनी येतं? म्हटलं, आता आठवड्यानं. त्याला ते खोटंच वाटलं, म्हणाला, खालाला फोन दे.