सहल प्राणिसंग्रहालयाची

(शालेय सहलींच्या हंगामानिमित्त पुणे येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मार्गशीर्ष लागला, सकाळच्या हवेत गारवा आला, की राज्यातील शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागते. एस.टी. महामंडळ शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देत असल्याने दूरच्या तालुक्यांतील मुलेही पुण्यास येऊ शकतात. शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, पर्वती आणि दिवस कलता कलता कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, असा त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. दिवसभर चालून दमलेली मुले उन्हे उतरल्यावर कात्रजच्या दारात येतात, वाघ कोठे आहे असे विचारीत धावतात आणि अंधार पडण्यापूर्वी पुन्हा मोटारीत जाऊन बसतात. एखाद्यास चकवून निसटण्याला मराठीत ‘कात्रजचा घाट दाखविणे’ म्हणतात. अशा सहलीत विद्यार्थ्यांना कात्रजचा घाट वाच्यार्थाने दाखविला जातो आणि लक्ष्यार्थानेही, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होऊ नये.

पुण्याला प्राणिसंग्रहालयाची परंपरा जुनी आहे. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळी पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. त्यातील गेंड्याचे चित्र पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांनी १७९० मध्ये काढले आणि ते आजही उपलब्ध आहे. सह्याद्रीच्या रानात ज्याचा वावर नाही असा तो प्राणी पुण्यात आणून बांधण्यामागे राजवैभवाचे प्रदर्शन हाच हेतू असणार, हे उघड आहे. पुढे १९५३ मध्ये पुणे महानगरपालिकेने त्याच परिसरात पेशवे उद्यान स्थापन केले आणि प्राणिदर्शन सर्वसामान्य नागरिकांच्या आवाक्यात आले. १९५६ मध्ये तेथे ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी सुरू झाली. पुण्यातील किती पिढ्यांचे बालपण त्या उद्यानाशी जडलेले आहे, हे येथे सांगावयास नको. तथापि, प्राण्यांच्या दृष्टीने पाहता ती जागा अपुरीच होती. वाघसिंह लोखंडी गजांमागे येरझाऱ्या घालीत, आणि माकडांपुढे शेंगा टाकणे हा प्राणिदर्शनाचा एक भागच समजला जाई.

कात्रज येथे महानगरपालिकेने प्रथम १९८६ मध्ये सर्पोद्यान उभारले. त्यालाच जोडून विस्तीर्ण प्राणिसंग्रहालय विकसित होऊन १९९९ मध्ये ते जनतेस खुले झाले, आणि पुढील काही वर्षांत पेशवे उद्यानातील प्राणी तेथे हलविण्यात आले. सुमारे १३० एकरांच्या या आवारात कात्रजचा तलावही येतो. पेशवेकाळी याच कात्रजहून बांधीव नळातून पाणी शहरातील हौदांपर्यंत नेलेले होते. इतिहासाच्या शिक्षकांनी तोही धागा हाती घ्यावा. गजांच्या जागी खंदक आले, फरशीच्या जागी माती आणि झाडे आली. हा बदल एकट्या पुण्यापुरता नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात पुढे दुरुस्ती होऊन १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि देशभरातील संग्रहालयांना जागा, आहार, औषधोपचार यांविषयी नियम लागू झाले. आठवड्यातून एक दिवस प्राण्यांना प्रेक्षकांपासून विश्रांती मिळावी, हा त्यांपैकीच एक नियम होय.

संग्रहालय असे बदलले. प्रेक्षक मात्र पुष्कळसा पेशवे उद्यानातलाच राहिला आहे. झोपलेला बिबट्या उठावा म्हणून हाका मारणे, टाळ्या पिटणे, खडा भिरकावणे, हरणांच्या कुंपणातून चुरमुरे सारणे, ही दृश्ये सुट्टीच्या दिवसांत दुर्मिळ नाहीत. वास्तविक संग्रहालयातील प्राण्याला खाऊ घालणे, डिवचणे, गोंगाटाने त्रास देणे किंवा आवारात कचरा टाकणे हा उपरोक्त अधिनियमाच्या कलम ३८-जे अन्वये शिक्षापात्र अपराध आहे. पण कायद्याचा फलक वाचून मुलाचा हात मागे येत नाही. तो येतो शिक्षकाने आदल्या दिवशी वर्गात सांगितलेल्या कारणामुळे. प्लॅस्टिकच्या पिशव्या गिळून गाईचे काय होते हे खेड्यातील मुलाला ठाऊक असते. चितळाचे पोटही तसेच रवंथ करणारे आहे, एवढे सांगितले की पुरे.

येथे एका दुर्घटनेचा उल्लेख करणे अवश्य आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात कात्रज येथील सोळा चितळे अल्पावधीत मृत्युमुखी पडली. प्रयोगशाळेतील तपासणीअंती तो रोग लाळ्या खुरकूत असल्याचे निष्पन्न झाले. हे नाव ऐकून पशुपालक दचकल्याशिवाय राहणार नाहीत, कारण गोठ्यातील गाईबैलांना होणारा हाच तो रोग. त्याचे विषाणू चाऱ्यातून, वाहनांच्या चाकांवरून, माणसांच्या पादत्राणांवरूनही एका जागेहून दुसऱ्या जागी जाऊ शकतात. खंदक आणि जाळी वाघाला अडवितात, रोगजंतूला अडवीत नाहीत. तेव्हा गावात लसीकरणाचे पथक येते त्या दिवशी सर्व जनावरे दारात बांधून ठेवण्याचा आग्रह सरपंचांनी धरला, तर तो केवळ दुधाचा प्रश्न राहत नाही. गावालगतच्या रानातील हरणांचाही त्याच्याशी संबंध येतो. ज्यांच्या घरी जनावरे आजारी आहेत अशा मुलांनी सहलीला जाताना धुतलेली पादत्राणे घालावीत, ही सूचना क्षुल्लक वाटेल. तथापि ती अवश्य द्यावी.

आता पाहावे कसे, याविषयी. हिवाळा हा प्राणिदर्शनाला सर्वांत अनुकूल काळ आहे. उन्हाळ्याच्या दुपारी बहुतेक प्राणी सावलीत निपचित पडतात. हिवाळ्याच्या सकाळी मात्र मगर काठावर येऊन ऊन खात पडलेली दिसते, कासवे हारीने बसतात, साप बिळाबाहेर येतात. ज्यांना शरीराची उष्णता स्वतः निर्माण करता येत नाही असे हे प्राणी. शीतरक्त या शब्दाचा अर्थ पुस्तकापेक्षा येथे लवकर कळतो. म्हणून कात्रज दिवसाच्या शेवटी न ठेवता आरंभी ठेवावे, आणि सगळे प्राणी पाहण्याचा हट्ट सोडावा. चार-पाच प्राणी निवडून प्रत्येकापुढे दहा मिनिटे शांत उभे राहिल्यास जे दिसते, ते चाळीस प्राण्यांपुढून धावल्याने दिसत नाही.

उदाहरणार्थ, हरणांचेच पाहा. आपल्याकडे चितळ, सांबर, काळवीट, नीलगाय या सर्वांना सरसकट हरीण म्हणण्याचा प्रघात आहे. पण चितळ-सांबराच्या नराची शिंगे भरीव व फांद्यांची असतात, दरवर्षी गळतात आणि पुन्हा फुटतात. काळवीट व नीलगाय हे कुरंग. त्यांच्या शिंगांना फाटे नसतात, आत हाडाचा गाभा असतो, आणि ती जन्मभर तीच राहतात. नीलगाय नावाने गाय असली तरी तिचे कूळ कुरंगाचे आहे. हा भेद पुस्तकातून पाठ करवून घेता येईल. परंतु दोन कुंपणांमधील अंतर चालून गेल्यावर मुलाने तो स्वतः शोधून काढला, तर तो पाठ करावा लागत नाही.

पांढऱ्या वाघापुढे गर्दी सर्वांत जास्त होते. हा वाघ वेगळ्या जातीचा नव्हे, हे तेथेच सांगावे. रेवा संस्थानच्या जंगलात १९५१ मध्ये महाराज मार्तंडसिंह यांनी एक पांढरा बछडा पकडला; त्याचे नाव मोहन. बंदिवासातील बहुसंख्य पांढरे वाघ त्याचेच वंशज होत. तो रंग टिकविण्यासाठी जवळच्या नात्यात प्रजनन घडविले गेल्याने त्यांच्यात तिरळेपणासारखे दोष उतरले. दिसावयास देखणा, पण रानाच्या उपयोगाचा नाही, असा हा प्राणी माणसाच्या हौसेचा नमुना आहे. त्याच्याऐवजी अस्वलापुढे अधिक वेळ घालविणे श्रेयस्कर. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात आणि त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. निसर्गाची अशी युक्ती मुले विसरत नाहीत.

सर्पोद्यानास मात्र वेळेची काटकसर करू नये. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी पुण्यात बहात्तर विषारी सापांच्या सहवासात बहात्तर तास राहून दाखविले होते. डिवचल्याशिवाय साप अंगावर येत नाही, हे लोकांस पटवावे हा त्यामागील उद्देश. त्यांच्याच पुढाकाराने सर्पोद्यान आकारास आले. त्या विक्रमाचे अनुकरण कोणी करू नये, हे विद्यार्थ्यांना बजावून सांगणे हेही शिक्षकांचेच काम आहे. परवानगीवाचून साप पकडणे हा गुन्हाही आहे.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हे बहुतांशी खेड्यातील लोक होते. शेतात राबणारा, अंधारात पाणी धरावयास जाणारा, जमिनीवर झोपणारा माणूस त्याला प्रथम बळी पडतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी जातींची ओळख काचेपलीकडून, निर्भयपणे करून घेण्याची सोय कात्रजला आहे. मण्यार रात्री अंथरुणात येते. तिचे दात इतके बारीक की दंशाची खूणही धड दिसत नाही, आणि पोट दुखते म्हणून घरचे लोक ओवा देत बसतात. घोणस पाचोळ्यात दिसेनाशी होते; तिची कुकरच्या शिटीसारखी फुत्काराची खूण मात्र ओळखता येते. दंश झालेल्या जागी चिरा देऊ नये, आवळून दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. तो अवयव फळीच्या आधाराने हलू न देता रोग्यास थेट रुग्णालयात न्यावे. या चारही जातींच्या विषावर एकच लस चालते. एवढ्या गोष्टी घेऊन चाळीस मुले गावी परतली तर चाळीस घरांत त्या पोहोचतात. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्याने कमी करण्याचा कृती आराखडा केंद्र शासनाने २०२४ मध्ये जाहीर केला आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस शिल्लक आहे काय, ही चौकशी पंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवली, तर त्या आराखड्यास गावपातळीवर अर्थ प्राप्त होईल.

प्राणी कोंडून ठेवावेतच कशाला, असा प्रश्न हल्ली पुष्कळ विचारवंत करतात आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. मूलही तो विचारील. त्याला उत्तर देण्याचा सोपा मार्ग म्हणजे पुढील वर्षीची सहल मोकळ्या रानात नेणे. याकरिता ताडोबापर्यंत जावे लागत नाही. बारामती तालुक्यात सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. मोरगावच्या गणपतीस जाणाऱ्यांच्या वाटेवरच म्हणा ना. ५.१४ चौरस किलोमीटर एवढेच त्याचे क्षेत्र, पण त्या माळावर चिंकारा राहतो. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य तर जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे असून ते काळविटांसाठी १९८० मध्ये राखले गेले. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण-कुंभारगाव परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात, आणि तेथील मच्छीमारांनी पाहुण्यांना नावेतून पक्षी दाखविण्याचा जोडधंदा उभा केला आहे. नावाड्यास नाव थव्यात घालावयास सांगू नये; पक्षी उडविल्याने छायाचित्र मिळते, पण त्यांचे चरणे थांबते.

या लहान अभयारण्यांचे भवितव्य कुंपणाच्या आत ठरत नाही, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. चिंकारा आणि काळवीट सीमा ओळखीत नाहीत. ते भोवतालच्या गायरानात आणि शिवारात चरतात. आपल्या दप्तरी मात्र हा माळ ‘पडीक’ म्हणून नोंदलेला असतो, आणि वृक्षारोपणाचे उद्दिष्ट पूर्ण करावयाचे झाले की प्रथम नजर त्याच्यावर जाते. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते हेच त्या भूमीचे वन होय. तेथे खड्डे खणून दाट झाडे लावली तर धनगराची मेंढरे आणि चिंकारा दोघांचाही घास जातो. झाडे लावावीत, ती ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात. माळ माळच राहू द्यावा. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पाडसांचा पाठलाग करतात, त्यांचा बंदोबस्तही ग्रामपंचायतीच्या कक्षेतच येतो.

सुप्याला जावयाचे तर सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे. भडक रंगाचे कपडे व ध्वनिक्षेपक टाळावेत, आणि वनकर्मचाऱ्यांना आधी कळवून त्यांच्यापैकी कोणी सोबत येईल असे पाहावे. एका तुकडीत वीस-पंचवीसहून अधिक मुले असू नयेत. कात्रजचे संग्रहालय दर बुधवारी बंद असते. सहलीचा वार निश्चित करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी एवढे पाहून घ्यावे, कारण दूरच्या गावाहून पहाटे निघालेल्या मुलांना बंद दार पाहून परतावे लागल्याचे प्रसंग घडतात.