हरवलेला शब्द आणि आपली भाषासमिती

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



बोलावे ते हित, मित आणि प्रिय, ही भाषासमितीची शिकवण आपण बालपणापासून ऐकतो. परंतु ज्याला बोलावयाचे आहे आणि शब्दच सापडत नाही, त्याच्याशी आपण कसे वागावे? मेंदूत गाठ झालेल्या रुग्णांच्या निमित्ताने आज याचा विचार करू.

१८६१ साली पॅरिस येथे डॉ. पॉल ब्रोका यांनी एक रुग्ण तपासला. इतरांचे बोलणे त्याला बरेचसे समजे. मुखातून मात्र ‘टॅन’ एवढाच ध्वनी प्रायः निघे. मृत्यूनंतर त्याच्या डाव्या मेंदूच्या पुढील भागात इजा आढळली. भाषेची जागा सापडली, असे तेव्हा वाटले.

आज आपण जाणतो की भाषा एका जागी बंदिस्त नसून अनेक केंद्रांना जोडणाऱ्या वाटांचे जाळे आहे. गाठ सावकाश वाढत असेल, तर शेजारचे भाग, क्वचित उजवा मेंदूही, हळूहळू ते काम उचलतात. म्हणूनच गाठ बरीच वाढूनही काहींचे बोलणे शाबूत असते. पक्षाघातात वा वेगाने वाढणाऱ्या गाठीत मेंदूला ही सवड मिळत नाही. काही शस्त्रक्रियांत रुग्णाला जागे ठेवून चित्रांची नावे विचारतात. सौम्य विद्युत्प्रवाह देताच जेथे शब्द अडतो, तो भाग शल्यविशारद राखतात. आपल्यापैकी अनेकजण घरी एक व व्यवहारात दुसरी भाषा बोलतात. अशा रुग्णाच्या दोन्ही भाषा तपासणे हितावह, कारण त्यांच्या जागा सर्वस्वी एक नसतात.

शस्त्रक्रियेनंतर बोलणे काही काळ बिघडू शकते. पुष्कळांच्या बाबतीत ते काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारते. वाचा-उपचारांचेही साहाय्य होते. किरणोपचाराने थकवा येऊन शब्द मंदावतात. मात्र खोलवरच्या जोडवाटा तुटल्यास भरपाई कठीण असते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

कित्येकदा साधे वाक्य न जुळणारा रुग्ण णमोकार मंत्र अस्खलित म्हणतो. मुखोद्गत पाठ आणि नवे वाक्य यांच्या वाटा काहीशा भिन्न असतात. “मंत्र येतो, मग बोलत का नाही?” असे म्हणून त्याला दुखवू नये, तो हट्ट करीत नाही. तसेच शब्द गेला म्हणजे बुद्धी गेली, असेही समजू नये. त्याच्यादेखत त्याच्याविषयी परस्पर बोलू नये. छोटी वाक्ये बोलावीत, ‘होय-नाही’त उत्तर देता येईल असे विचारावे, आणि त्याचा शब्द आपण घाईने पूर्ण करू नये.

मेंदू नवी वाट शोधीत असताना त्याला वेळ लागतो. तो वेळ देणे आपल्या हाती आहे. अशा घरी भाषासमिती म्हणजे केवळ मधुर बोलणे नव्हे. समोरच्याचा शब्द येईपर्यंत शांतपणे थांबणे, हीही भाषासमितीच होय.

जय जिनेंद्र!