जालना नगरीच्या वतीने

सन्माननीय अध्यक्ष महाशय, गडचिरोली, मेळघाट व किनवट येथून आलेले आरोग्यदूत, दाया आणि पुजारी बंधुभगिनी, तसेच संशोधक विद्वज्जनहो,

ज्या नगरीस ‘जालना, सोने का पालना’ म्हणण्याचा प्रघात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, जिच्या मुलुखातील जांब गावी समर्थ रामदास जन्मले आणि असईच्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठी तोफखान्याने वेलस्लीच्या फौजेशी निकराची झुंज दिली, त्या नगरीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

परंतु आमच्या नगरीचे खरे ऐश्वर्य पाहावयाचे तर घाणेवाडीच्या तलावावर चलावे. निझामी अमदानीत बेझनजी जालनावाला या पारशी गृहस्थांनी तो सिद्ध केला आणि केवळ उताराच्या बळावर, विजेचा एक दिवाही न जाळता, त्याचे पाणी शहरात आणले. त्या पाण्यावर वाढलेल्या किती जणांस आज हे नाव ठाऊक आहे? पुढे तलाव गाळाने भरला, दुष्काळाने आम्हांस जागे केले, तेव्हा नागरिकांनी वर्गणी काढून गाळ उपसविला आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी तो गाड्या भरभरून आपल्या रानात नेला. बेझनजींची दृष्टी आणि शेतकऱ्यांची मेहनत एकत्र आली म्हणूनच तो तलाव आज टिकून आहे.

आदिवासींचे आरोग्य व त्यावरील संशोधन हा आपल्या परिषदेचा विषय मजसारख्या व्यापारी माणसाच्या अधिकाराबाहेरचा आहे. तथापि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत चालविलेले कार्य मी आदराने वाचत आलो आहे. रुग्णालय कसे असावे हे त्यांनी आदिवासींनाच विचारले, आणि शोधग्राम या त्यांच्या परिसरात दंतेश्वरी देवीच्या नावाने पाड्यासारखे रुग्णालय उभे राहिले. आकडे न शिकलेल्या दाईलाही अर्भकाचे श्वास मोजता यावेत म्हणून तिच्या हाती मणी आणि वाळूचे घड्याळ दिले गेले. एकोणचाळीस गावांत तेथल्याच स्त्रियांनी नवजात बालकांची घरी शुश्रूषा केली, आणि तेथील नवजात-मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. ही विद्या विद्यापीठाची जितकी, तितकीच त्या स्त्रियांची. म्हणून माझी नम्र परंतु आग्रहाची विनंती अशी की, कोणत्या प्रश्नाचा शोध घ्यावयाचा येथपासून निबंधावर नाव कोणाचे येथपर्यंत आदिवासी सहकाऱ्याचा हिस्सा रीतसर दफ्तरी नोंदला जावा. नुसत्या आभाराच्या ओळीवर त्याची बोळवण होऊ नये.

व्यवस्थेत उणिवा पुष्कळ राहिल्या आहेत. पाणी काटकसरीने वापरावे लागेल, काहींची निवास-व्यवस्था मंडपापासून दूर झाली आहे, आणि दुर्गम पाड्यांवरून आलेल्या भगिनींच्या भाषेत बोलणारे स्वयंसेवक आम्हांस पुरेसे मिळाले नाहीत, याची खंत मला सर्वांत अधिक आहे. उदार मनाने क्षमा असावी. धान्य देणारे मोंढ्यातील आडते, मोसंबी पाठविणारे बागायतदार, देणग्या देणारे बियाणे व पोलाद उद्योगातील धनिक, मंडप घालणारे कारागीर, महानगरपालिकेचे सफाई कामगार, पहाटेपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या माताभगिनी आणि ज्यांनी आपले नाव जाहीर करू नये अशी अट घातली ते दाते, या सर्वांचा मी ऋणी आहे.

अध्यक्ष महाशयांनी आता आसन ग्रहण करून परिषदेच्या कामास प्रारंभ करावा. ज्या पाहुण्यांचे सामान अद्याप स्टेशनावर आहे, त्यांनी आपल्या नावाची चिठ्ठी व्यासपीठाजवळच्या स्वयंसेवकाकडे द्यावी. भोजनापूर्वी ते मुक्कामी पोहोचविले जाईल.