चीक, कॅल्शियम आणि न उठणारी गाय



गेल्या हिवाळ्यात पलूसकडच्या एका वस्तीवरून पहाटेच फोन आला. ‘डॉक्टर, गाय रात्री व्याली. चौथं वेत हाय. आता उठतच न्हाई.’ जाऊन बघतो तर मान वळवून पोटाला लावलेली, कान गार, नाकाडं कोरडं ठाक. घरच्यांनी पाय तेलानं चोळून काढले होते.

पायांत काहीच दोष नव्हता. हा दुग्धज्वर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम घटणं. नावात ज्वर, पण अंग उलट गार पडतं; बारसं करणाऱ्यानं थर्मामीटर लावला नसावा! कराडपासून सांगलीपर्यंत संकरित गाई वाढल्या, तसे हे फोनही वाढले.

गाईच्या सगळ्या रक्तात मिळून कॅल्शियम ३ ग्रॅमच्या आसपास. आपण ज्याचा खरवस करतो, त्या १० लिटर चिकातून २० ग्रॅमहून जास्त निघून जातं. हाडांत साठा रग्गड असतो, पण तो सुटायला दोन-तीन दिवस लागतात.

तेवढ्यात अडतं ते मज्जातंतूच्या टोकाशी. तिथं अॅसिटिलकोलिन नावाचं रसायन अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून तयार असतं. विजेचा संदेश आला की टोकावरची दारं उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि पिशव्या स्नायूवर रित्या होतात. डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी. कॅल्शियम कमी पडलं, तर संदेश दारापर्यंत येऊन विरतो. १९६७ साली लंडनमध्ये डॉज आणि रहामिमॉफ यांनी बेडकाच्या स्नायूवर हे मोजलं. आधीच कमी असलेलं कॅल्शियम निम्मं केलं, की रसायन निम्म्यावर नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतं. म्हणून काल संध्याकाळी वैरण खाणारी गाय सकाळी आडवी दिसते.

त्या गाईला शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली. अगदी हळू, स्टेथोस्कोप छातीवर ठेवून. भरभर सोडली तर हृदयच बंद पडतं. आणि अशा जनावराला गूळपाणी पाजू नका. गिळायचे स्नायूही ढिले असतात, पाणी फुप्फुसात जातं. व्याल्यावर पहिले दोन दिवस कासही पुरती पिळू नका.

बाटली निम्मी झाली, तशा मांड्या थरथरल्या. मोठा ढेकर आला. मग त्या कोरड्या नाकाडावर दवासारखे थेंब उमटायला लागले. म्हटलं, आता चहा टाका.