माणूस जगला तर लढा जगेल
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाचा भाव, विजेचं बिल, पीकविम्याचे अडकलेले पैसे, हे विषय सकाळच्या सत्रात झाले. आता जो विषय घेतो आहोत, तो आपल्या बैठकांत सहसा निघत नाही. गावात आत्महत्या झाली की आपण तहसीलवर मोर्चा नेतो, निवेदन देतो, पंचनाम्याला उभे राहतो. ते केलंच पाहिजे. पण ही सगळी धावपळ माणूस गेल्यानंतरची आहे. तो जायच्या आधीच्या महिनाभरात गावाला काय करता येतं, एवढाच आजचा प्रश्न आहे.

काही कार्यकर्ते लगेच म्हणतील, शेतकरी मरतो तो भावापायी आणि कर्जापायी. तुम्ही मनाच्या आजाराचं काय काढलंत? शेतकऱ्याचं डोकंच बिघडलं आहे, असं म्हणून हात झटकायला सरकार टपलेलंच आहे! ही शंका रास्त आहे. आमचं उत्तर असं की, साचलेल्या पाण्यामुळे मलेरिया होतो. म्हणून नाली साफ करा यासाठी आपण भांडतो. पण तापाने फणफणलेल्या माणसाला गोळी द्यावी की नाही, यावर वाद घालत नाही. भावाची लढाई ही नालीची लढाई आहे. ती सुटेपर्यंत तापलेला माणूस जगला पाहिजे.

आकडा ऐका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यांतले ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले. आणि देशातल्या त्या ११,२९० मध्ये ६,०८३ शेतमजूर होते. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांच्यासाठी आपण मोर्चाही क्वचितच काढतो. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर जमीन नसते, म्हणून ती गेली तर तिची नोंद बहुतेक वेळा 'शेतकरी' म्हणून होतच नाही.

मग माणूस वेळेवर बोलत का नाही? आम्हाला तीन कारणं दिसतात.

पहिलं, कर्जाची लाज. कारखानदाराचं कर्ज थकलं की बँकवाले त्याच्याबरोबर चहा घेऊन हप्ते बांधून देतात. आपल्याकडे बँकेची नोटीस आली की माणूस ती बायकोपासूनही लपवतो. जे कर्ज शेतीमालाच्या भावाने थकवलं, ते त्याला स्वतःचं पाप वाटतं.

दुसरं, 'वेडा' या शब्दाची भीती. गुडघा दुखला तर चारचौघांत सांगता येतं. तीन महिने झोप नाही, जेवणावर वासना नाही, कशातच जीव लागत नाही, हे सांगता येत नाही. पोरीचं लग्न मोडेल, भावकी हसेल! कपाशीत आकस्मिक मर आली, तर ते झाड भित्रं निघालं असं आपण म्हणतो का? मुळाशी पाणी तुंबलंय का ते बघतो, चर काढतो, आळवणी करतो, आणि तेही एक-दोन दिवसांत, कारण उशीर झाला तर झाड हाती लागत नाही. माणसाला मात्र आपण नामर्द म्हणून मोकळे होतो.

तिसरं, कागदाची भीती. पूर्वी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यावर कलम ३०९ खाली गुन्हा होई. म्हणून घरचे दवाखान्यात न्यायलाही कचरत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालावं, त्याला शिक्षा करू नये, उलट त्याच्या उपचाराची सोय सरकारने करावी, असं त्याचं कलम ११५ सांगतं. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत जुनं ३०९ नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं वेगळं कलम आहे. तेव्हा केस होईल म्हणून कुणाला घरात ठेवू नका. एक तासही दवडू नका.

मदतीच्या नियमांनी मात्र ही लाज वाढवलीच आहे. एक लाखाची मदत ठरली, तेव्हा सरकारने कारणं मानली तीन : नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा. आजार किंवा दारू कागदावर आली की प्रकरण अपात्र होईल, या धास्तीने घरचे खरं दुखणं झाकतात. कर्ज आणि आजार ही एकमेकांविरुद्धची कारणं नाहीत; कर्जाने माणूस आजारी पडतो. आजाराचं निमित्त करून कोणतंही प्रकरण नाकारू नये, ही मागणी आजच्या ठरावात घालायची आहे.

आता शेतीच्या अंगाने एक गोष्ट. फवारणीच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो आणि ते खाटेखाली ठेवतो. मनाच्या आजारावरचं खरं औषध डॉक्टरने लिहून दिलं तर म्हणतो, विषारी असतं, सवय लागते! मरावं असं वाटण्याचा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात विष हाताशी नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक जण पुढे जगतात. श्रीलंकेने १९९५ नंतर अतिजहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं, आणि बंदीमुळे पिकाचा उतारा घटल्याचं दिसलं नाही. म्हणून लागेल तेवढंच आणा. उरलं तर घराबाहेर, कुलपात ठेवा. घरात कुणी खचलेलं असेल तर किल्ली शेजाऱ्याकडे द्या.

हे सगळं डॉक्टरांवर सोडून चालत नाही. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत १८ महिने एक काम झालं. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी बोलणं सुरू केलं, गरज पडली तिथे डॉक्टर जोडून दिले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले चारच जण मदत घेत होते. शेवटी सत्तावीस घेऊ लागले. माणसं तीच, गावं तीच. बोलायला जागा मिळाली, एवढाच फरक.

तेव्हा कार्यकर्त्याने काय करायचं? ज्याची झोप उडाली, ज्याने बाजार आणि पार सोडला, ज्याची दारू वाढली, जो 'माझ्यामागे पोरांकडे बघा' म्हणतो, त्याच्याकडे जा. सरळ विचारा, 'दादा, जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने मनात नसलेलं येत नाही. उलट ओझं उतरतं. उपदेश करू नका, ऐका. एकटं सोडू नका. विष घरातून हलवा. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराच्या डॉक्टरकडे स्वतः घेऊन जा. भगताकडे जायचं तर जा, पण आधी डॉक्टरकडे. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मध्येच बंद करू देऊ नका. १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तो सोसायटीच्या आणि कृषी केंद्राच्या भिंतीवर रंगवा.

आपल्या व्यासपीठावरूनही एक पथ्य पाळायचं. गेलेल्याला हुतात्मा म्हणू नका, कसा गेला याचं वर्णन करू नका, त्याचा फोटो मिरवू नका. खाली बसलेल्यांत कुणी त्याच काठावर उभा असतो. आणि मागे राहिलेल्या बाईला पांढऱ्या पायाची म्हणणारी जीभ आवरा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. हेरवाडला जमतं, ते आपल्या गावाला का जमू नये?

प्रत्येक गावातून दोन नावं हवी आहेत, एक पुरुष, एक बाई. पद नाही, बिल्ला नाही. ज्यांच्यापाशी गाव बोलतं आणि ज्यांच्या पोटात गोष्ट राहते, अशी माणसं. पोळ्याच्या आत प्रत्येक तालुक्याची यादी पुरी झाली पाहिजे. भावाची लढाई लांबची आहे, आणि ती लढायला आपल्याला प्रत्येक माणूस जिवंत हवा आहे.